सावनीचे पहिले दोन उन्हाळे

"अगं, वाळलंय ते. उपट आन् बंबात घाल, पानी तरी तापंल."

२०१८ च्या जानेवारीतली सकाळ. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगणाच्या कोपऱ्यात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढे होती एक काडी. अक्षरशः काडीच. सहा महिन्यांपूर्वी मी मोठ्या हौसेनं लावलेलं सावनीचं रोप. दिवाळीपर्यंत छान हिरवंगार होतं. मग पानं पिवळी पडली, तांबूस झाली, एकेक करून गळाली आणि संक्रांतीला बघते तर एकही पान शिल्लक नाही!

मलाही वाटलं, गेलं हे. उपटायला हातसुद्धा घातला होता. पण मन होईना. म्हणून बुंध्याची साल नखानं जराशी खरवडून बघितली, तर आत पोपटी हिरवं! मैत्रिणींनो, त्या नखाएवढ्या हिरव्या रेघेनं ते झाड वाचलं. आज ते माझ्या डोक्याच्याही वर गेलंय आणि उन्हाळा सरता सरता गुलाबी झुपक्यांनी असं भरतं की रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून विचारतात, "हे कसलं हो झाड?"

सावनी हिवाळ्यात पानं गाळते. तिचा तो स्वभावच आहे. पण हे मला रोप देताना कुणी सांगितलं नव्हतं. अशा कितीतरी गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या. झाड लावणं सोपं असतं हो. खड्डा खणायचा, रोप ठेवायचं, फोटो काढायचा. पण लावलेलं झाड पहिले दोन उन्हाळे पार करून नेणं ही खरी परीक्षा. ती परीक्षा बहुतेक घरांत बाईच देते, कारण पाण्याचा हंडा तिच्याच हातात असतो. म्हणून माझी गोष्ट आज सांगते, चुकांसकट.

कोण ही सावनी?

आमचं मोरगाव म्हणजे मयूरेश्वराचं गाव. अष्टविनायकांतला पहिला गणपती. इथं झाड म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतात ती देवळातली शमी, मंदार आणि तरटी. तरटीला तर कल्पवृक्षाचा मान. त्यामुळे इथल्या माणसाला झाडाचं काहीतरी कारण लागतं. शमीची पत्री गणपतीला, मंदाराचं फूल गणपतीला, आंबा-चिंच पोटाला, कडुनिंब सावलीला. मग सावनी कशाला?

आत्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "फळ न्हाई, सावली न्हाई, शेळीबी तोंड लावंल का न्हाई कुनास ठावं. आन् पानी मातुर रोज पायजे!" याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. फूल सुंदर दिसतं, एवढंच म्हणाले. आणि खरं सांगायचं तर ते उत्तर आमच्या भागात थोडं चोरट्या आवाजातच द्यावं लागतं. कारण मोरगाव, सुपे, तरडोली, मुर्टी हा सगळा बारामती तालुक्याचा जिरायती पट्टा. सह्याद्रीच्या डोंगरात पाऊस सांडून ढग हलके होऊन आमच्याकडे येतात. बारामती म्हटलं की बाहेरच्यांना ऊस आणि साखर कारखाने दिसतात, पण ती कालव्याकाठची बारामती. आमची बारामती माळरानाची. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य बघा, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, गवताळ, चिंकारा हरणांचं. त्या माळावर सावनी लावायला मी कुणाला सांगणार नाही. तो माळ हरणांचा आणि गवताचाच राहू दे. सावनी ही अंगणातली, दारातली, डोळ्यांपुढची.

रोपवाटिकेत तिला सावनी म्हणतात, कुणी चिनाई मेंदी म्हणतं, कुणी थेट इंग्रजी नाव घेऊन क्रेप मर्टल म्हणतं. क्रेपचं कापड मुठीत धरून चुरगळावं आणि सोडून द्यावं, तशा तिच्या पाकळ्या. गुलाबी, पांढऱ्या, जांभळ्या, गडद लालसुद्धा. मूळची ती पूर्व आशियातली. चीनमध्ये तिला शंभर दिवस फुलणारी म्हणतात, इतका तिचा बहर चालतो. जपानी लोक तिच्या गुळगुळीत खोडावरून तिला 'माकड घसरेल' अशा अर्थाचं नाव देऊन मोकळे झालेत! शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं अठराव्या शतकात आपल्या लॅगरस्ट्रोम नावाच्या व्यापारी मित्राच्या आठवणीसाठी ते ठेवलं.

तिची थोरली बहीण आपल्या चांगली ओळखीची आहे. ताम्हण! महाराष्ट्राचं राज्यपुष्प. कोकणात आणि विदर्भात नदी-ओढ्यांकाठी वाढणारं मोठं झाड, मोठी पानं, जांभळी चुरगळलेली फुलं. एक मे, महाराष्ट्र दिन, आणि ताम्हणाचा बहर हे सोबतच येतात. मी ताम्हणाचं रोप आणलं तेव्हा आत्या म्हणाल्या होत्या, "ताम्हन? ते तर देवघरात हाय की!"

पण आत्यांना सगळ्यात पटलं ते दुसरंच नातं. सावनी, ताम्हण, मेंदी आणि आपलं डाळिंब ही सगळी एकाच कुळातली. खोटं वाटत असेल तर डाळिंबाचं फूल हातात घेऊन बघा. त्याच्याही पाकळ्या अशाच चुरगळलेल्या असतात. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, घरची डाळिंबाची बाग. म्हणजे ज्या झाडाला मी परकं समजत होते, ते निघालं माहेरच्या नात्यातलं!

पाच रोपं आणि पहिली चूक

२०१७ च्या जुलै महिन्यात राज्य सरकारची चार कोटी झाडं लावण्याची मोहीम होती. सगळीकडे झाडांचंच बोलणं. त्या भरात मीही पाच रोपं आणली. तीन सावनी, दोन ताम्हण.

जागा निवडताना एक गोष्ट मात्र नशिबानं बरोबर झाली. सगळी रोपं उन्हात लावली. सावनीला दिवसातून निदान सहा तास थेट ऊन हवं. भिंतीच्या आडोशाला, आंब्याखाली लावली तर ती जगते, पण फुलत नाही. वर पानांवर भुरी येते ती वेगळीच.

खड्डे मात्र चुकले. आमची जमीन मुरमाड. गड्यानं पहारीनं ठोकून ठोकून फूटभराचे गोल खड्डे केले आणि मी त्यात भरपूर शेणखत भरून रोपं बसवली. वाटलं, काय छान पोसतील! झालं उलटंच. मुरमात खणलेल्या गुळगुळीत खड्ड्याच्या कडा म्हणजे कुंडीच्या भिंती. मुळं बाहेर पडायला बघतात, कडेला आपटतात आणि आतच गोल फिरत बसतात. त्यात शेणखत पुरतं कुजलेलं नव्हतं. अर्धवट शेणखतानं हुमणी आणि वाळवी दोन्हींना आमंत्रण मिळतं.

खड्डा कसा हवा, ते आता सांगते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड ते दोन फूट खोल. एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावा. कडा पहारीनं खरबडीत करून ठेवाव्यात, म्हणजे मुळांना शिरायला फटी मिळतात. भरताना दोन घमेली खड्ड्यातलीच वरची माती किंवा पोयटा, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. बस्स. युरिया वगैरे पहिल्या वर्षी अजिबात नको.

रोप लावण्याचा मुहूर्त म्हणजे पहिला दमदार पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाल्यावरचा. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ बघावी. पिशवी ब्लेडनं कापून काढावी. हे मुद्दाम सांगते, कारण पिशवीसकट पुरलेली रोपं मी स्वतः बघितली आहेत. मुळं पिशवीत गोल गोल गुंडाळलेली असतील तर बोटांनी हलकेच सैल करावीत, फारच जाळं झालं असेल तर खालचं वेटोळं कापावं. आणि रोप पिशवीत जेवढं मातीत होतं, तेवढंच जमिनीत जाऊ द्यावं. बुंधा खोल पुरला की साल कुजते. लावल्यावर भोवती पायानं हलकं दाबून पोटभर पाणी द्यावं, म्हणजे मातीतली हवेची पोकळी बसते. शेजारी एक काठी रोवून सुतळीनं सैलसर बांधावं. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा दिला तर खोडाला काच बसत नाही. वर्षानं काठी काढून टाकावी. वाऱ्यात थोडं हललं तरच खोड भक्कम होतं.

आणि हो, शेळ्या! आत्यांना शंका होती, पण शेळीनं तोंड लावलंच. बाभळीच्या काट्यांचा कुडं घातला, तेव्हा कुठं रोपं राहिली.

"ताई, तू पाण्यानं मारलीस"

पहिला उन्हाळा आला, २०१८ चा. अंगणाच्या त्या कोपऱ्यातल्या काडीला फेब्रुवारीअखेर लालसर कोंब फुटले. मला कोण आनंद! त्या आनंदात मी रोज सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी घालायला लागले. न्हाणीजवळ लावलेल्या दोन रोपांना तर न्हाणीचं पाणीच वळवून दिलं. म्हटलं, यांची चैन आहे.

जूनपर्यंत न्हाणीजवळची एक सावनी आणि एक ताम्हण, दोन्ही माना टाकून बसली. पानं पिवळी, मलूल. मला वाटलं तहान लागलीय, मी आणखी पाणी घातलं. महिन्याभरात दोन्ही गेली. अंगणाच्या टोकाला जिथं माझा हात रोज पोचत नव्हता, ती तीन मात्र तग धरून होती.

राखी पौर्णिमेला भाऊ आला. मी रडकथा सांगितली. त्यानं मेलेलं रोप उपटलं, मुळं नाकाजवळ नेली आणि माझ्यापुढे धरली. काळी पडलेली, कुबट वास येणारी.

"ताई, ही तहानेनं नाही मेली. तू पाण्यानं मारलीस."

मला रागच आला. जिथं हंडाभर पाण्यासाठी ताटकळावं लागतं, तिथं कुणी पाण्यानं झाड मारतं का? पण त्यानं शांतपणे समजावलं. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी असतं, तशी हवाही असावी लागते. रोज पाणी घातलं की ती पोकळी कायम पाण्यानं भरलेली, मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड वरून तहानल्यासारखंच दिसतं. आणि आपण आणखी पाणी घालतो!

"तुमच्या खालच्या अंगाला कालव्याकाठी बघ," तो म्हणाला. "नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, सोनं झालं. पण ज्यांनी पाटानं मोकाट पाणी सोडलं त्यांच्या जमिनी खारवट झाल्या, चोपण झाल्या. पाणी नसल्यानं जमीन जात नाही, ताई, नको तेवढ्या पाण्यानं जाते."

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती तांब्याची. रोज तांब्याभर पाणी घातलं की वरची दोन बोटंच ओली होतात. मग मुळंही वरच राहतात. वैशाखात वरची माती तापली की तीच आधी होरपळतात. त्यापेक्षा चार दिवसांनी एकदाच बादलीभर पाणी सावकाश मुरवलं तर ओल फूटभर खाली जाते आणि ओलीच्या मागं मुळंही खाली जातात. झाड स्वतःच्या पायावर उभं राहतं, ते असं.

पाणी कधी द्यायचं हे ओळखायचं कसं? बोट मातीत दोन पेरं खुपसायचं. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडं लागलं तरच द्यायचं. पान दुपारी थोडं मलूल झालं तरी घाबरायचं नाही. सकाळी बघायचं. सकाळीही मान खाली असेल, तर मात्र बोट खुपसून बघायचं.

"आणि डाळिंबाला बहारापूर्वी ताण देतो तसा हिला देऊ का?" मी विचारलं. "पोराला उपास घडवतेस का?" तो म्हणाला. "ताण मोठ्या झाडाला. नव्या रोपाला ना ताण, ना लाड."

ना ताण, ना लाड. हे वाक्य मी मनात पक्कं करून ठेवलं.

दुसरा उन्हाळा : टँकरचा

त्या वर्षी पावसानं दगा दिला. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात बारामती होतं, इंदापूरही होतं. म्हणजे माझं सासर आणि माहेर, दोन्ही. २०१९ चा उन्हाळा लागला आणि आमच्या भागातल्या वाड्यावस्त्यांवर टँकर फिरायला लागले. दारात पिंपं मांडून बसायचं, टँकर आला की धावायचं.

अशा वेळी तीन फुलझाडांना पाणी घालायचं? मला कुणी बोललं नाही, पण माझंच मन खाऊ लागलं. जनावरांना मोजून पाणी पाजायचं आणि आपण सावनीच्या बुंध्याशी बादली ओतायची, हे बरं दिसतं का? एक दिवस मी आत्यांना म्हणाले, "सोडून देऊ या ती झाडं. जगली तर जगली."

आत्या काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बहात्तरला दारातला आंबा गेला. मी नवी नवरी व्हते. दिसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची आन् सांजला आंब्याकडं बघायचं. तवा मानसालाच पानी न्हवतं, झाडाला कुठनं घालणार? आता भांडी इसळल्यालं तरी हाय की. ते काय पिणार हाईस का?"

त्या दिवसापासून आमच्या घरात पाण्याचा हिशोब बदलला. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, भांडी नुसती विसळलेलं पाणी एका बादलीत. साबणाचं, कपड्याच्या पावडरीचं पाणी वेगळं. ते झाडाला नाही. कपड्याच्या सोड्यानं आणि क्षारांनी माती बिघडते. घरात आरओ फिल्टर असेल तर त्याचं बाजूला पडणारं पाणीही नव्या रोपाला देऊ नका, त्यात क्षार साठलेले असतात.

मग कुंभाराकडून तीन साधी मडकी आणली. रंग न दिलेली, नवी. प्रत्येक रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरली. मडकं भरायचं आणि तोंडावर दगड ठेवायचा, म्हणजे डास होत नाहीत आणि पाणी उडून जात नाही. कच्च्या मातीच्या मडक्यातून पाणी पाझरत राहतं. भोवतीची माती कोरडी झाली की जास्त, ओली असली की कमी. माणसाला जे बोट खुपसून कळतं, ते मडक्याला आपोआप कळतं! आठ-दहा लिटरचं एक मडकं आमच्याकडे भर उन्हाळ्यात तीन-चार दिवस पुरायचं.

तिसरी गोष्ट पाचटाची. भावानं ऊसवाल्या शेजाऱ्याकडून पोतंभर पाचट पाठवलं. ते आळ्यात चार बोटं जाड पसरलं, फक्त बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडून. बुंध्याला लागून आच्छादन ठेवलं की साल कुजते आणि वाळवीला आडोसा मिळतो. पाचट नसेल तर वाळका पाला, गवत, भुईमुगाची टरफलं, काहीही चालतं. आच्छादनाखाली हात घालून बघा एकदा. वर माती तव्यासारखी तापलेली असते आणि खाली गारवा!

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला महिना गेला. मी मडकं भरायला जायचे तर ते निम्मं भरलेलंच असायचं. वाटलं, पाझरच कमी झालाय. मग एका पहाटे बघितलं. आत्या स्वतःची तोंड धुतलेली बादली घेऊन चालल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय बगतीस? सांडून जायाचंच व्हतं."

आधी दुष्काळ, मग पूर

त्या २०१९ च्या जुलैत, पाऊस पडल्यावर, सावनीला पहिला तुरा आला. गुलाबी, एवढासा. आम्ही सगळी जणं तो बघायला अंगणात उभी. आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काय व्हावं? पुरंदर भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला, नाझरे धरणातून पाणी सोडावं लागलं आणि कऱ्हेला महापूर आला. बारामतीत नदीकाठच्या लोकांना हलवावं लागलं. ज्या नदीत चार महिन्यांपूर्वी धूळ उडत होती!

आमची वस्ती उंचावर, तिथवर पाणी आलं नाही. पण अंगणातली आळी तळ्यासारखी भरली. आता मला ठाऊक होतं, हा लाड झाडाला सोसणार नाही. भर पावसात कुदळ घेऊन आळ्यांना चर काढून दिले, पाचट बाजूला सारलं. तिन्ही झाडं वाचली. काळ्या जमिनीत राहणाऱ्या मैत्रिणींनी हे जास्त लक्षात ठेवावं. तुमच्याकडे पाणी लवकर निचरत नाही. रोप खड्ड्यात नको, वीतभर उंच वरंब्यावर लावा.

दुखणीखुपणी

सावनी तशी काटक, पण तिची तीन दुखणी ठरलेली. पहिलं भुरी. पावसाळी ढगाळ हवेत पानांवर, कळ्यांवर पिठूळ बुरशी धरते. द्राक्ष-डाळिंबवाल्या घरात हिची ओळख करून द्यायला नको. गर्दीच्या फांद्या काढून हवा खेळती ठेवावी. जास्तच असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारावं. दुसरं मावा. कोवळ्या शेंड्यांना चिकटतो, त्याचा चिकटा पानांवर पडतो आणि मग काजळीसारखी काळी बुरशी येते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं निम्मा मावा जातो. उरलेल्याला निंबोळी तेल लिटरला पाच मिलिलिटर, थोडं साबणाचं पाणी मिसळून. तिसरं म्हणजे केवडा. पान पिवळं, शिरा हिरव्या. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही म्हणून असं होतं. हिराकस लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम, अर्धं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारावं.

आणि फूल येत नाही अशी तक्रार असेल तर आधी ऊन बघा, मग खत बघा. युरियानं झाड पानांनी माजतं आणि फुलायचं विसरतं.

छाटणीचं म्हणाल तर सावनीला फूल नव्या फुटीवर येतं. म्हणून छाटणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, पानं गळलेली असताना. पहिल्या वर्षी फक्त मोडलेली फांदी काढायची. दुसऱ्या वर्षापासून बारीक काड्या, एकमेकीला घासणाऱ्या फांद्या आणि बुंध्यातून येणारे फुटवे. पण झाडाचं मुंडकं उडवू नका! दरवर्षी एकाच जागी छाटलं की तिथं गाठ येते आणि फुटलेल्या लांबुळक्या फांद्या फुलांच्या वजनानं वाकून पडतात. फुलून गेलेले तुरे बोंडं धरण्याआधी खुडले, तर पुन्हा एकदा बहर येतो.

पाचातली तीन

पाच लावली, तीन राहिली. राहिलेला ताम्हण हळू वाढला. ते मुळात ओल्याव्याचं झाड, आमच्या मुरमात त्याला तीन उन्हाळे सांभाळावं लागलं. पण २०२२ च्या मे महिन्यात तोही फुलला. आता तिघांनाही उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी एकदा पाणी पुरतं. मडकी केव्हाच काढून टाकली.

भाद्रपदात मोरगावी यात्रेकरूंची गर्दी असते, तेव्हा सावनीचे शेवटचे तुरे झाडावर असतात. आत्या रोज सकाळी एक तुरा खुडतात आणि घरच्या गणपतीपुढे ठेवतात. मी एकदा गमतीनं म्हटलं, "आत्या, हे फूल देवाला चालतं का?" त्या म्हणाल्या, "बहिनीसारखं डाळिंब चालतंय की नैवेद्याला. मग ही का न्हाई?"

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या नव्या सुनेनं सावनीची काडी मागितली. पावसाळ्यात पेन्सिलएवढी काडी लावली तर ती सहज फुटते. मी दोन काड्या पिशवीत लावून, मुळं धरल्यावर तिला दिल्या. कसं लावायचं ते मी सांगायला तोंड उघडलं, एवढ्यात आत्याच पुढे झाल्या.

"पानी घाल बाई, पर रोज नगं. आन् थंडीत वाळल्यागत दिसली तर माझ्यासारखी बंबात घालाया निघू नगंस. आधी नख लावून बग."

चौकट

नव्या सावनीचं पहिलं वर्ष

एप्रिल-मे : दोन फुटांचा खड्डा खणून तापू द्या.

जून-जुलै : चांगला पाऊस झाल्यावर लावणी. पिशवी काढा, बुंधा खोल पुरू नका, काठीचा आधार द्या, शेळ्यांपासून कुडं घाला.

ऑगस्ट-सप्टेंबर : आळ्यात पाणी साचू देऊ नका. पावसानं आठवडाभर ओढ दिली तरच एक बादली.

ऑक्टोबर-डिसेंबर : आठ दिवसांनी एक बादली, बोट खुपसून बघूनच. पानं गळाली तर घाबरू नका.

जानेवारी-फेब्रुवारी : पाणी कमी, दहा-बारा दिवसांनी. मोडक्या काड्या काढा. कोंब दिसले की घमेलंभर कुजलेलं शेणखत आळ्यात पसरा.

मार्च-मे : चार बोटं आच्छादन. तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा लिटर पाणी, सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर. पुरलेलं मडकं असेल तर उत्तमच.